नकाशावाल्यांच्या बोर्डाला मी उभी आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सध्या रोज निवडणुकांच्या बातम्या असतात. सोसायटी, बाजार समिती, पतसंस्था, दूध संघ, कोण कुठल्या पॅनलमधून फुटलं, कोण बिनविरोध आलं, आणि आमच्याकडे त्या मोठ्यानं वाचल्या जातात, मीही आवडीनं वाचते. पण एक निवडणूक अशी आहे जिची चार ओळींची बातमीसुद्धा मी मराठी पेपरात कधी पाहिली नाही, आणि यंदा त्या निवडणुकीला मी स्वतः उभी आहे म्हणून हे पत्र लिहितेय. आधीच सांगते, मतं मागायला लिहीत नाहीये. तुमच्या वाचकांपैकी जवळजवळ कुणालाच त्यात मतदानाचा अधिकार नाही. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

ज्या संस्थेच्या बोर्डाची, म्हणजे संचालक मंडळाची, ही निवडणूक आहे तिचं नाव ओपन सोर्स जिओस्पेशियल फाउंडेशन, सगळे ओएसजिओ म्हणतात. नकाशे आणि भूमाहितीसाठी जी फुकट वापरता येणारी, सोर्स कोड (म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला आतला मजकूर) उघडा असलेली सॉफ्टवेअरं जगभर चालतात त्यातल्या बऱ्याच प्रकल्पांची ही छत्री. ४ फेब्रुवारी २००६ ला शिकागोत लोक एकत्र बसले आणि ही संस्था उभी राहिली. तिच्या छत्रीखालची सॉफ्टवेअरं मात्र त्याच्याही आधीची आहेत. ग्रास हे नकाशांचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या लष्कराच्या इंजिनिअर खात्याच्या प्रयोगशाळेत १९८२ मध्ये सुरू झालं, वेगवेगळ्या प्रकारच्या नकाशा-फाइली वाचणारं जीडॅल फ्रँक वॉर्मरडॅम नावाच्या एका कॅनडियन माणसानं १९९८ मध्ये लिहायला घेतलं (तेच पुढे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले), डेटाबेसात भूमाहिती साठवणारं पोस्टजीआयएस २००१ मध्ये आलं, आणि आम्ही रोज नकाशे करायला वापरतो ते क्यूजीआयएस २००२ मध्ये अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. गुगल अर्थच्या आतसुद्धा जीडॅल आहे. म्हणजे तुम्ही नकाशाशी काहीही केलं तरी यातल्या कशाला तरी हात लागलेलाच असतो, फक्त आपल्याला माहीत नसतं.

मी माण तालुक्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत नकाशे करते. सातारा जिल्ह्यातला हा आमचा पर्जन्यछायेचा पट्टा, पाऊस कमी, त्यामुळे ओढा कुठून येतो, विहीर कुणाच्या गटात आहे आणि बांध कुठे घातला तर पाणी कुणाकडे मुरेल हे प्रश्न आमच्याकडे कागदावरचे नाहीत, त्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. कामाची पद्धत अशी की गावाचा जुना नकाशा मिळवायचा, स्कॅन करायचा आणि उपग्रहाच्या चित्रावर बरोबर बसवायचा. बसवायला खुणा लागतात. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथला दगड, तो शोधायला आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन उन्हातान्हात फिरतो, दगड सापडला की मोबाईलवर रीडिंग घेतो आणि घरी येऊन तो बिंदू नकाशावर टाकतो.

एका गावाचा नकाशा आम्हाला घडी घातलेला मिळाला होता. कित्येक वर्षं घडी तशीच राहिल्यानं बरोबर मधोमध कागद विरलेला, आणि त्या विरलेल्या पट्टीत दोन गटांमधली हद्द गेलेली. आम्ही अंदाजानं जोडली. मग शिवारफेरीला तो नकाशा मोठा करून छापून नेला, सगळे वाकून बघत होते, तर एक आजी बोट ठेवून म्हणाल्या, "ही हीर आमची हाय, तुमी तिला वड्याच्या पल्याड कशी न्हेली?" आम्ही जागेवर जाऊन पाहिलं. आजींचं खरं होतं. रेघ जोडताना झालेली चूक तर होतीच, पण बाकीचा नकाशाही एका अंगाला सरकलेला होता, कारण आम्ही खुणा म्हणून ज्या शीटवरचे बिंदू घेतले होते ती पृथ्वीवरची जागा मोजायच्या जुन्या एव्हरेस्ट पद्धतीच्या मापावरची आणि मोबाईलचं रीडिंग डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जीपीएसच्या मापावरचं, आणि मला त्या वेळी हा फरकच माहीत नव्हता. रात्री मी क्यूजीआयएस वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन गटावर आहे तशा इंग्लिशमध्ये प्रश्न लिहून पाठवला, स्क्रीनशॉट जोडला, आणि सकाळी उठून बघते तर ब्राझीलमधल्या कुणी अनोळखी माणसानं कुठला आकडा कुठं बदलायचा ते एकेक पायरी करून लिहिलं होतं. ३२६४३ हा आमच्या भागाच्या मापाचा नंबर आता मला घरच्या गट नंबरासारखा पाठ आहे. ते रूपांतराचं सगळं गणित प्रोज नावाची लायब्ररी (दुसऱ्या सॉफ्टवेअरांच्या आत वापरायचा तयार कोड) करते, तीही ओएसजिओच्याच छत्रीखालची. त्या माणसानं माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, मी कोण हेही विचारलं नाही. विहीर ओढ्याच्या अल्याड आली.

तेव्हापासून मला वाटत आलंय की आपण या लोकांचं देणं लागतो. सुरुवातीला देणं म्हणजे काय ते कळायचं नाही, कोड मला लिहिता येत नाही. मग हळूहळू लक्षात आलं की कोडशिवाय खूप काम असतं. माहितीपत्रकं, भाषांतर, शिकवणं, नवीन माणसाच्या प्रश्नाला उत्तर देणं, परिषदेला माणसं जमवणं, हिशोब ठेवणं. मी मराठीत शिकवायला लागले, ग्रामसेवक, कृषी सहायक, कॉलेजची पोरं, बचत गटातल्या दोघीतिघी. मग नेपाळमधल्या एका मैत्रिणीनं माझं नाव चार्टर मेंबर म्हणून सुचवलं, आणि मी झाले.

हे चार्टर मेंबर म्हणजे काय ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळी गोम तिथं आहे. ओएसजिओच्या कामात कुणीही येऊ शकतं, त्याला फी नाही की फॉर्म नाही. पण बोर्ड निवडायचा अधिकार फक्त चार्टर मेंबरांना असतो. चार्टर मेंबर व्हायला पैसे लागत नाहीत, आधीच्या एखाद्या मेंबरनं तुमचं नाव सुचवायचं, तुम्ही काय काम केलंय ते सगळ्यांसमोर लिहायचं आणि बाकीच्या मेंबरांनी मत द्यायचं. साखर कारखान्याच्या शेअरसारखं विकत घेता येत नाही, बापाकडून वारसानं येत नाही. काम दिसलं पाहिजे आणि ते कुणीतरी पाहिलेलं पाहिजे. बोर्डावर ९ संचालक, मुदत २ वर्षांची, दरवर्षी साधारण निम्म्या जागा रिकाम्या होतात. मतदान ऑनलाइन, ईमेलवर लिंक येते, निवडणूक अधिकारीही स्वयंसेवकच. संचालकाला मानधन नाही.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "चिन्ह काय मिळालं?" चिन्ह नसतं म्हटलं. "मग पॅनल कुणाचं?" पॅनलही नसतं म्हटल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग तुला वळखून मत कोण देनार गं?" हा प्रश्न मला लागला, कारण तो बरोबर होता. या निवडणुकीत तुम्हाला तुमच्या कामावरून ओळखतात, आणि काम दिसायला तुम्ही तिथं वावरलेलं असावं लागतं. माण तालुक्यात मी किती गावांचे नकाशे केले हे माणमध्ये माहीत आहे, बाहेर कुणाला माहीत असणार? आणि माझ्यासारखी माणसं महाराष्ट्रात किती असतील, पाणलोटवाले, नगररचना शिकणारे, जंगलातल्या वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे करणारे गडचिरोली-नंदुरबारकडचे कार्यकर्ते, पुरात कुठलं गाव तुटतं ते बघणारे कोल्हापूर-सांगलीचे लोक. सगळ्यांच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस आहे. मतदार यादीत यातलं कोण आहे?

बोर्ड करतं काय, असं एका मित्रानं विचारलं, सॉफ्टवेअर तर प्रोग्रामर लोक लिहितात. खरंय, सॉफ्टवेअरच्या आत काय असावं हे बोर्ड ठरवत नाही, प्रत्येक प्रकल्पाची आपापली मंडळी ते ठरवतात, क्यूजीआयएसची तर स्वित्झर्लंडमध्ये नोंदवलेली स्वतःची वेगळी संस्था आहे. पण पैसे कशावर खर्च करायचे, नवा प्रकल्प छत्रीखाली घ्यायचा का, कुठल्या देशातल्या शाखेला मान्यता द्यायची, नाव आणि बोधचिन्ह कुणी कसं वापरायचं, परिषदेला आगाऊ रक्कम द्यायची का, प्रवासाला मदत कुणाला, हे सगळं शेवटी बोर्डासमोर येतं. घरातलं जेवण कुणीही बनवो, किराणा कधी आणि किती भरायचा हे ज्याच्या हातात असतं त्याचं घरात चालतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

परिषदेचंच बघा. फॉसफोरजी नावाची यांची दरवर्षी जागतिक परिषद होते, संस्था झाली त्या वर्षी २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानला झाली, मग केपटाऊन, सिडनी, बार्सिलोना, पोर्टलंड, २०१५ ला सोल, २०१८ ला टांझानियाच्या दार-ए-सलामला, २०२२ ला फ्लॉरेन्स, २०२३ ला कोसोव्होच्या प्रिझ्रेनला, २०२४ ला ब्राझीलच्या बेलेमला. भारतात ही जागतिक परिषद एकदाही झालेली नाही. आशियाची परिषद २०१७ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीत झाली होती, भारताची शाखाही आहे, तिथली मंडळी वर्षानुवर्षं काम करतायत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ओसाकात प्राध्यापकी केलेले वेंकटेश राघवन हे मूळ भारतातले, ते तर या जागतिक संस्थेचे अध्यक्ष होऊन गेले. म्हणजे दार कुणी अडवलेलं नाहीये. आपण दारापर्यंत जात नाही.

क्यूजीआयएस उघडताना पहिल्यांदा एक चित्र येतं, ते बहुतेकांनी नीट पाहिलेलंच नसतं, कारण आपण चहाचा कप घेईपर्यंत ते जातं. त्या चित्रात एका गावाचा नकाशा असतो आणि त्या गावाचं नाव त्या आवृत्तीला दिलेलं असतं. ३.१६ हॅनोवर, ३.२८ फिरेंझे, ३.३४ प्रिझ्रेन, ३.४० ब्रातिस्लाव्हा. वापरणारे-बनवणारे लोक जिथं भेटले, जमले, त्या गावांची नावं सहसा देतात. मी रोज सकाळी ऑफिसात लॅपटॉप उघडला की ते नाव वाचते आणि माझ्या मनात येतं, वाई का नाही? जुन्नर, पैठण, कुडाळ का नाही? भेट इकडे भरली तरच नाव इकडचं लागणार, आणि भेट भरवायची तर इथं कुणीतरी "आम्ही करतो" म्हणायला हवं.

आता बोर्डाला उभं राहताना जाहीरनामा लिहावा लागतो, त्यात मी काय लिहिलं ते थोडं सांगते कारण त्यातली एक गोष्ट थेट मराठीशी जोडलेली आहे. शेपफाईल नावाचा एक जुना फॉरमॅट आहे, भूमाहितीची देवघेव आजही बरीचशी त्यातच चालते, सरकारी खात्यांकडूनही तोच येतो. त्याच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला १० बाइटांचीच जागा असते. इंग्लिश अक्षराला एक बाइट लागतो म्हणून त्यांना १० अक्षरं मिळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहायच्या पद्धतीत, आपल्या देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, उकार हे सगळे वेगळे धरले जातात. तर रकान्याला "तालुका" असं नाव द्या, त्याचं "ताल" होतं. "विहीर" चं "विह". मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, दोन दिवस त्यात गेले. यावर उपाय आहे, जिओपॅकेज नावाचा फॉरमॅट २०१४ पासून आहे, त्यात ही अडचण नाही, "विहिरीच्या मालकाचे नाव" असा लांबलचक रकाना केला तरी सगळा टिकतो. पण हे मराठीत कुणी सांगितलेलं नाही म्हणून आमचे लोक काय करतात, तर मराठी सोडून देतात आणि रोमनमध्ये टाईप करतात.

आणि रोमनमध्ये टाईप केलं की पुढचं रामायण सुरू. वडगाव एकानं व्ही नं लिहिलं, दुसऱ्यानं डब्ल्यू नं, तिसऱ्यानं गावच्या शेवटी ओएन लावलं, चौथ्यानं बुद्रुकचं बीके केलं आणि पाचव्यानं टिंब देऊन बी.के. केलं. दोन तक्ते जोडायला गेलं की निम्मी गावं जुळत नाहीत, आणि जुळली नाहीत ती गावं यादीतून गळतात, आणि यादीतून गळलेल्या गावाला टँकर मिळत नाही असं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. कुणाचा दोष म्हणून सांगत नाही, टाईप करणारी पोरगी दमलेली असते. जनगणनेचे गावांचे कोड नंबर आहेत, ते वापरले तर हा गोंधळ बराच वाचतो, आम्ही आता तेच करतो. पण गावाचं नाव गावाच्या लिपीत नकाशावर असणं ही मला साधी हक्काची गोष्ट वाटते. ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा जगाच्या ऑनलाइन नकाशावर गावाच्या मूळ नावाशेजारी मराठी नावाचा वेगळा रकाना असतो, आमच्या गटानं तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांची नावं त्यात टाकली, पाटोळेवस्ती, धनगरवाडा, खालचा मळा, आणि एका मुलीनं स्वतःच्या वस्तीचं नाव मोबाईलवर मराठीत उमटलेलं बघून तिच्या वडिलांना तिथल्या तिथं फोन लावला. तर माझ्या जाहीरनाम्यात हे आहे की रोमन सोडून बाकीच्या लिप्यांत काम करणाऱ्यांच्या अडचणी एका जागी गोळा करायच्या आणि त्या सोडवायला दरवर्षी थोडे का होईना पैसे बाजूला ठेवायचे. ही अडचण फक्त आपली नाही. नेपाळी, बंगाली, तमिळ, ख्मेर, अम्हारिक सगळ्यांची आहे. बोर्डावर असं कुणीतरी पाहिजे ज्याच्या स्वतःच्या तालुक्याचा ताल झालेला आहे.

दुसरं वेळेचं. मी ज्या ऑनलाइन बैठका ऐकायला बसले त्या आपल्याकडच्या रात्रीच्या वेळी होत्या, जेवणं, भांडी, मुलीचा अभ्यास, तेव्हाच बैठक. ब्राझीलपासून जपानपर्यंतची माणसं एकत्र बसवायची तर कुणाची तरी रात्र होणारच हे मला मान्य आहे. पण ती रात्र दर वेळी आपल्याच वाट्याला का, वेळ फिरती ठेवा, असं मी लिहिलंय.

गठ्ठा मतदानाबद्दल लोक विचारतात. मराठी माणसाला हे लगेच सुचतं आणि त्यात काही गैर नाही, सोसायटीच्या निवडणुकीआधी सभासद यादी एकदम कशी फुगते हे आपण पाहत आलोय. नकाशांच्याच दुनियेतली दुसरी संस्था, ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन, ब्रिटनमध्ये नोंदवलेली, तिथं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, भारतातल्या एका कंपनीच्या सुमारे १०० कर्मचाऱ्यांचे सभासद अर्ज एका दिवसात आले. लोकांना ते खटकलं, सभासद नोंदणी बघणाऱ्या स्वयंसेवकांनी कोणत्या वेळेला कुठून किती अर्ज आले ते सगळं तपासलं आणि अहवाल उघड ठेवला. तिथं सभासदत्वाची वर्षाची फी १५ पौंड आहे, पण नंतर त्यांनी असाही नियम केला की वर्षातले ४२ दिवस ज्यानं नकाशात भर घातली त्याला फी माफ. मला हा नियम फार आवडतो. आमच्या वस्तीची नावं टाकणारी ती मुलगी कसलेही पैसे न भरता तिथं मतदार होऊ शकते. त्या प्रकरणाचं मला वाईट याचं वाटतं की जगात भारतातल्या नकाशावाल्यांचं नाव निघालं ते अशा कारणानं, आणि इथं खरोखर राबणारी, शिवेचा दगड शोधत हिंडणारी माणसं मात्र कुठल्याच यादीत नव्हती. यादीत खरी माणसं भरपूर असली की गठ्ठ्याचं वजन आपोआप कमी होतं, सोसायटीत पण हेच आणि तिथं पण हेच.

आणि ही वेळही बरी आहे. पूर्वी आपल्याकडे नकाशा करणं म्हणजे परवानग्यांचा डोंगर असायचा. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागानं नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, भारतीय व्यक्ती-संस्थांना नकाशे आणि भूमाहिती गोळा करायला, वापरायला आधीची मंजुरी-परवान्याची अट काढून टाकली, मग २०२२ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. काही संवेदनशील ठिकाणांचे निर्बंध आहेत, ते असणारच. पण गावाला स्वतःचा नकाशा स्वतः करायला आता कुणी अडवत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसचे धडे आहेत, फुकट. एवढं सगळं असून एका कॉलेजात मी गेले तर प्रयोगशाळेत महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी टाकलेली, आणि सर मला म्हणाले की फुकटातलं शिकवलं तर मुलांना किंमत वाटत नाही. मी तिथं काही बोलले नाही, परत येताना एसटीत मात्र डोळ्यांत पाणी आलं. ज्या वस्तूसाठी जगभरची माणसं रात्री जागतात, जी आपल्या हातात देऊन "घ्या, बदला, पुढे द्या" म्हणतात, तिला फुकटातलं म्हणायचं?

मला इंग्लिश फाडफाड येत नाही. जाहीरनामा लिहायला चार रात्री गेल्या, पहिलं वाक्य मी विहिरीवर लिहिलं आणि खाली सगळा मजकूर मराठीतही ठेवला. उभं राहायला खूप लोक घाबरतात ते याच कारणानं, बायका तर जास्तच, आपण बोललो आणि चुकलो तर. पण या बोर्डावर ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही असे कितीतरी लोक निवडून आलेत, बायका निवडून आल्यात, आणि त्यांचं इंग्लिशही आपल्यासारखंच अडखळतं, अडखळत अडखळत ते संस्था चालवतात. मी पडले तर पुढच्या वर्षी परत उभी राहीन. पण मला मनापासून असं वाटतं की तोपर्यंत महाराष्ट्रातून आणखी दहा-वीस माणसं चार्टर मेंबर झालेली असावीत आणि माझ्यासमोर उमेदवार म्हणून आपल्यातलंच कुणीतरी उभं असावं, विदर्भातलं, कोकणातलं, मराठवाड्यातलं. त्याच्याविरुद्ध हरले तर मला आनंद आहे.

त्यासाठी जे नकाशे करतात त्यांनी काम लपवून ठेवू नये. केलेला नकाशा, शिकवलेला वर्ग, सापडलेली चूक, जे असेल ते दोन ओळी लिहून सगळ्यांसमोर ठेवा, मराठीत लिहा, कुणीतरी भाषांतर करतं, मी करीन. दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्या. वर्षभर हे केलं की नाव सुचवायला कुणीतरी पुढं येतंच, नाही आलं तर मी चार्टर मेंबर आहे, तुमचं काम बघून मी सुचवीन. संस्थाचालकांना आणि कॉलेजांना विनंती की तुमच्याकडची पोरं यात वेळ घालतात तो कामाचा वेळ धरा, पदरच्या रात्री जाळायला लावू नका. आणि संपादक साहेब, निकाल लागला की, कुणीही येवो, चार ओळी छापा. नगरपालिकेच्या बातमीखाली जागा उरली तर तिथं छापा.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी २ वाजता आम्ही दहिवडीत वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो, आठ-दहा जण असतो, ज्याला जे अडलंय ते सोडवतो, नवीन माणसाला क्यूजीआयएस टाकून देतो, चहा असतो. पत्ता आणि फोन मी तुमच्या कार्यालयात देऊन ठेवलाय, कुणी विचारलं तर द्यावा. लॅपटॉप नसला तरी या. घरी गावाचा जुना नकाशा असेल तर तो जरूर आणा, फक्त गुंडाळी करून आणा, घडी घालू नका.

आपली नम्र,
एक वाचक, दहिवडी, ता. माण, जि. सातारा